कोल्हापूर ते वाशी: थांबे मोजत केलेली पहिली फेरी

अंतर साधारण पावणेचारशे किलोमीटर. गाडी १.७ टनी पिकअप, माल गुळाचे ३० किलोचे ५० रवे (ढेपा), म्हणजे दीड टन. सरावलेला ड्रायव्हर संध्याकाळी भरतो आणि उजाडायला वाशीत असतो. इथे मात्र याच फेरीला सहा दिवस दिले आहेत. चारचौघांची धास्ती बसल्यामुळे, म्हणजे डॉक्टर ज्याला सोशल अँग्झायटी म्हणतात तिच्यामुळे, काही महिने गाडी सोडून बसलेल्या ड्रायव्हरसाठी ही आखणी आहे.

अशा माणसाला रस्ता सहसा छळत नाही. केबिनची काच वर, समोर रस्ता, चौथा गिअर, इथपर्यंत सगळं ठीक. घाम फुटतो तो गाडी थांबल्यावर: वजनकाट्यावर, गेटच्या वहीपाशी, हमालांसमोर रिव्हर्स घेताना, ढाब्यावर एकट्यानं जेवताना, शेठला फोन लावताना. म्हणून फेरी किलोमीटरवर आखायची नाही, थांब्यांवर आखायची. कोल्हापूर–वाशीत असे अठरा-वीस थांबे निघतात.

निघण्याआधी

आधी लायसन्सची तारीख बघा. मुदत संपून वर्षाच्या आत असेल तर नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि निरीक्षक शेजारी बसून बघतोय ही परीक्षा पहिल्याच आठवड्यात नको. ट्रान्सपोर्टचं लायसन्स दर ५ वर्षांनी नवं करावं लागतं, त्याला नमुना १-अ चा वैद्यकीय दाखला जोडतात. फक्त एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्यांनी घाबरू नये: ७,५०० किलोच्या आतली मालगाडी त्याच लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं आहे.

मग गोळ्या. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन या जातीच्या गोळ्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे किंवा जास्त लागतात. सुरुवातीला कुणाला झोप येते, कुणाला उलट अस्वस्थ वाटतं. त्या दिवसांत किंवा डोस बदलल्यावर लगेच फेरी धरू नका, आणि बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं तोडूही नका. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांनी धास्ती तासाभरात उतरते, पण झापड येते आणि ब्रेकवरचा पाय उशिरा पडतो. त्या घेऊन स्टिअरिंगवर बसायचं नाही. प्रोप्रानोलॉलनं हाताचा कंप आणि छातीची धडधड कमी होते, पण दमेकऱ्याला ती चालत नाही आणि मधुमेह्याची साखर उतरल्याची खूण ती झाकते. डॉक्टरांना ‘मी ड्रायव्हर आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा, गोळी त्यावर ठरते. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रस्त्यात असाल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या, दोन रकाने आखा. थांब्याआधी डावीकडे लिहायचं: काय होईल असं वाटतंय, आणि धास्ती शंभरात किती. थांब्यानंतर उजवीकडे: खरंच काय झालं, आणि आता किती. लिहायचं गाडी उभी असतानाच. आठवणीवर विसंबलं तर रात्री सगळे थांबे सारखेच वाईट वाटतात, म्हणून हा पुठ्ठा.

पहिला दिवस: कोल्हापूर – वाघबीळ – कोल्हापूर, रिकामी गाडी

पहाटे सहाला शिवाजी पुलावरून पन्हाळ्याच्या रस्त्याला. जाऊन-येऊन ४० किलोमीटरच्या आत. महिनोन्महिने उभ्या गाडीची तपासणी आदल्या संध्याकाळीच: बॅटरी, कूलंट, ऑइल, ब्रेक ऑइल, स्टेपनीतली हवा, वायपरचं रबर, सगळे दिवे. हा उगाच काटेकोरपणा नव्हे. गाडी चौकात बंद पडून मागे दहा हॉर्न वाजणं हा या माणसाचा सगळ्यात मोठा बागुलबुवा असतो, आणि जुनी बॅटरी तो खरा करू शकते.

आजचे थांबे तीनच. पंपावर ‘पाचशेचं डिझेल’ म्हणायचं आणि मीटर शून्यावर आहे का ते खाली उतरून बघायचं. नंतर हवा: दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलेला आकडा पंपावरच्या पोराला स्वतः सांगायचा, पुढचा वेगळा, मागचा वेगळा. तिसरा थांबा वाघबीळला चहा, उभ्यानं, गल्ल्याजवळ.

चहाच्या ग्लासापाशी गंमत होते. हात थरथरेल म्हणून माणूस ग्लास गच्च धरतो, आणि गच्च धरलेला हातच जास्त थरथरतो. बोटं सैल सोडा, कोपर टेकवा, सांडला तर सांडू दे. दुसऱ्या कपाला थोडा मुद्दाम सांडून बघा. टपरीवाला फडकं मारतो आणि पुढचं दूध ओततो. पुठ्ठ्याच्या उजव्या रकान्यात एवढंच येतं.

दुसरा दिवस: शिरोली एमआयडीसी

आज माल नाही, फक्त गेट आणि रिव्हर्स. गेटच्या वहीत नाव, गाडी नंबर, वेळ, सही. वॉचमन बघत असताना सही करणं ही कित्येकांची अडचण असते, कारण अक्षर कापतं. वही हातात धरून लिहू नका. टेबलावर किंवा बॉनेटवर ठेवा, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात टेकवा आणि सही नेहमीपेक्षा सावकाश करा. घाईत केलेली सहीच फाटते.

रिव्हर्सचा सराव सुटीच्या दिवशी मोकळ्या प्लॉटवर. दोन ड्रम ठेवा, मध्ये गाडीच्या रुंदीपेक्षा दोन हात जास्त जागा. काचा खाली, गाणी बंद. आधी उतरून मागची जागा चालत बघून या. मग नुसत्या क्लचवर, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, चालणाऱ्या माणसापेक्षा हळू. आरशातून ड्रम दिसेनासा झाला की थांबा. वाकडी गेली तर पुढे काढून सरळ करा. पुढे काढणं म्हणजे फजिती, हा समज उभं राहून बघणाऱ्यांनी पसरवलेला आहे. जुने ड्रायव्हर तीनदा पुढे काढतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. दहा वेळा एकट्यानं जमलं की एका ओळखीच्या माणसाला शेजारी उभं करा, मग दोघांना, आणि शेवटी त्यांना मुद्दाम आरडाओरडा करायला लावा.

तिसरा दिवस: मार्केट यार्ड, भरणी

या फेरीतला सगळ्यात दाट दिवस हाच. शाहू मार्केट यार्डात गुळाच्या हंगामात गल्ली गाड्यांनी तुंबलेली असते. सौद्यानंतर भरणी सुरू होते आणि प्रत्येकाला आपली गाडी आधी लागायला हवी असते.

पहिलं काम रिकामा काटा. गाडी काट्यावर पूर्ण चढली का, चाक कडेला टेकलेलं नाही ना, हे खाली उतरून बघायचं, आणि चिठ्ठीवरचा गाडी नंबर तिथेच वाचायचा. धास्ती असलेला माणूस चिठ्ठी घेतो आणि न वाचता पळतो. नंबरातला एक आकडा चुकला तर तीच चिठ्ठी वाशीत अर्धा तास खाते, आणि तो अर्धा तास अनोळखी माणसांशी बोलण्यात जातो. आत्ताची चार शब्दांची लाज नंतरची चाळीस वाक्यं वाचवते.

मग गाळ्याला गाडी लावणं. तीन हमाल तीन दिशांनी ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतात, चौथा ‘थांब’ म्हणतो. इथे एकच वाक्य पाठ करून ठेवा: “मामा, तुम्ही एकटेच सांगा, बाकीच्यांचं मला कळत नाही.” हे वाक्य मोठ्यानं निघायला हवं म्हणून ते आदल्या दिवशी केबिनमध्ये काच बंद करून वीसदा म्हणायचं. ओट्याला बंपर घासतो तो बहुतेक वेळा याच क्षणी. गाडी चालवता येत नाही म्हणून नव्हे, नजर आरशावरून निघून हमालांच्या तोंडाकडे गेलेली असते म्हणून. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली मांडलं ते हेच: धास्तीत माणूस समोरचं काम सोडून स्वतःलाच बाहेरून बघू लागतो. त्यावर उतारा म्हणजे लक्ष मुद्दाम कामावर आणणं. आरशात ओटा किती इंच दिसतो, मागचं चाक कुठं आहे, फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) साखळीचा आवाज कुठून येतो, असं काहीतरी मोजत राहायचं.

रवे चढताना मोजणी ड्रायव्हरनं स्वतः करायची. थर ठरवून घ्या, समजा दहाचा एक, असे पाच. एकेक थर पूर्ण झाला की हौद्याच्या कडेला खडूनं रेघ. वजन पुढच्या बाजूला केबिनला लागून सुरू करायचं. सगळा गूळ मागे आला तर स्टिअरिंग हलकं होतं आणि चढाला पुढची चाकं नीट धरत नाहीत. गूळ ओल धरतो, म्हणून खाली प्लास्टिक, वर ताडपत्री, हंगामात अवकाळीचा रंग दिसला तर दुहेरी. दोरी आकड्यांतून आडवी-उभी, आणि पहिल्या २५-३० किलोमीटरवर थांबून पुन्हा ताणायची, कारण माल बसतो आणि दोरी सैल पडते.

बिल्टी (मालाची वाहतूक-पावती) सहीला येते तेव्हा चार माणसं भोवती असतात. वाचायचं ते इतकं: पाठवणारा, घेणारा, नग ५०, वजन, भाडं कोण देणार, गाडी नंबर. बोटानं एकेका ओळीवर टेकत वाचा. बोट टेकलं की डोळे ओळ सोडत नाहीत. रकाना कोरा असेल तर सही नाही. घाईनं कोऱ्यावर सही करून सुटका करून घेतलेल्या ड्रायव्हरच्या नावावर पुढे दोन रवे कमी पडतात, आणि ते भाड्यातून कापले जातात. करमुक्त मालाला ई-वे बिल लागत नाही. लागणारा माल असेल तर भाग ‘ब’ मध्ये आपल्याच गाडीचा नंबर आहे का ते बघा, आणि मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरा.

शेठकडून आजच एक गोष्ट लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल: वाशीत उतराईची हमाली आणि वाराई (माल चढ-उतारासाठी गाडीवाल्याकडून मागितले जाणारे पैसे) कोण देणार. पाचव्या दिवशी तिचं काम आहे.

चौथा दिवस: कोल्हापूर – शिरवळ, माल भरून

पहाटे पाचला शिरोलीहून महामार्गाला. किणी, तासवडे, आनेवाडी असे तीन टोलनाके. फास्टॅगमध्ये पुऱ्या फेरीचा टोल आणि वर पाचशे रुपये ठेवा. नाक्यावर टॅग वाचला गेला नाही की मागे हॉर्न सुरू होतात. तेव्हा खिडकीतून एवढंच: “दादा, हातातल्या मशीननं बघा.” टॅग चालू आहे, पैसे आहेत आणि नाक्याचंच यंत्र बंद असेल तर गाडी टोल न घेता सोडायची असा नियम आहे. टॅगमध्ये पैसेच नसतील तर मात्र १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयनं सव्वापट, रोखीनं दुप्पट. हॉर्न ऐकून घाबरून दुप्पट रोख देणं ही या आजाराची नेहमीची फी आहे.

किणीच्या पुढे जागा बघून दोऱ्या ताणा. रुंदीकरणाच्या कामांमुळे वाहतूक जिथे सेवा रस्त्यावर वळवतात तिथे मागचा ट्रक दिवे मारतो, कधी अगदी बंपरला लागतो. वेग वाढवू नका. पुढे रुंद जागा मिळाली की डावीकडे दबून त्याला जाऊ द्या, एवढंच देणं लागतं. हॉर्न मारणाऱ्याला तुमचं तोंडही दिसलेलं नसतं.

लघवी रोखून धरणं आणि त्यासाठी पाणीच न पिणं, हे यातलं सगळ्यात कमी बोललं जाणारं दुखणं. शेजारी कुणी उभं असलं की होतच नाही, मग पाच-सहा तास तसेच. उन्हाळ्यात केबिनमध्ये हे महागात पडतं. मूतखडा अशाच सवयींतून वाढतो. पहाटेचा रिकामा पंप ही पहिली पायरी, सकाळी नऊचा गजबजलेला ढाबा ही शेवटची. दर दोन तासांनी थांबायचंच, गरज असो वा नसो.

गाडी चालवताना छाती धडधडू लागली, हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना असं झालं, तर ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, डावा इंडिकेटर, सुरक्षित जागा मिळाली की मगच चारही दिवे लावून थांबा. श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मुंग्या जोरजोरात श्वास घेतल्यानं येतात, लकवा नव्हे. झटका सहसा दहा मिनिटांत शिगेला जातो आणि मग ओसरतो. पण पहिल्यांदाच छातीत दाब आला, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात गेलं, तर धास्ती समजून बसू नका, १०८ लावा. महामार्गावर मदतीला १०३३ आहे.

सातारा, पाचवड, भुईंज मागे टाकत वेळे गावाच्या पुढे खंबाटकीचा बोगदा. जुन्या बोगद्यानंतरच्या उतारावर वळणं आहेत, भरलेली गाडी तिथे तिसऱ्यात. दुपारी शिरवळ. आजचं गाडी चालवणं इथे संपतं.

उरलेला दिवस ढाब्याचा. तोंड भिंतीकडे करून बसायचं नाही. फोन खिशात. पोराला बोलावून ‘भाकरी, भाजी, कांदा’ सांगायचं, आणि भाकरी थंड आली तर बदलून मागायची. कानात वायर घालून खोटाच फोन चालू ठेवणं, मास्क लावून बसणं, पार्सल घेऊन केबिनमध्ये खाणं, यानं त्या वेळेपुरतं बरं वाटतं. तोटा असा की जेवण नीट झाल्याचं श्रेय वायरीला जातं, आणि पुढच्या वेळी वायर विसरली की पुन्हा शंभर. रात्री ‘एक बिअर घेतली की बोलता येतं’ हा सल्ला देणारे भेटतीलच. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर दारू हा कलम १८५ चा गुन्हा आहे. शिवाय दारू उतरताना पहाटे धास्ती दुपटीनं वर येते, आणि नेमकं तेव्हाच वाशीला निघायचं असतं.

पाचवा दिवस: शिरवळ – वाशी, उतराई

खेड शिवापूरचा टोल, मग कात्रजचा नवा बोगदा. तिथून नऱ्हे, नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठी बदनाम आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की इंजिनाचा आवर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग धरत नाहीत. बोगद्यातून निघतानाच खालचा गिअर टाका. मागच्याला घाई असेल, असू दे. वाकड, किवळे, पुढे द्रुतगती मार्ग; घाटातही तेच. कळंबोलीहून सायन–पनवेल रस्त्यानं तुर्भे.

एपीएमसीच्या, म्हणजे वाशीच्या बाजार समितीच्या, गेटवर पावती, मग वाट बघणं. दोन तास, कधी चार. आजूबाजूला वीस ड्रायव्हर टोळक्यानं बसलेले. सगळ्यांशी गप्पा मारायच्या नाहीत. एकाला एक प्रश्न विचारायचा: “गुळाची गल्ली कुठून, भाऊ?” माहीत असलं तरी विचारायचं. थोड्या वेळानं दुसऱ्याला तोच. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर उत्तमच, तिसऱ्याला विचारायला कारण मिळालं.

उतराईला मोजणी पुन्हा थरानं, खडूच्या रेघांशी ताडून. एखादा रवा फुटला असेल तर तो पोचवर (माल मिळाल्याच्या पावतीवर) तसाच लिहून घ्यायचा, ‘५० पैकी १ फुटका’, आणि फोटो. फुटका रवा लपवून पोच घेतली तर संध्याकाळी फोन येतो, आणि तो फोन फुटक्या रव्यापेक्षा जड जातो.

आता वाराई. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची जुनी घोषणा आहे, तरी ड्रायव्हरपुढे हात पसरला जातोच. वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही, कारणंही द्यायची नाहीत. “शेठनं सांगितलंय, हमाली माल घेणाऱ्याकडं. तुम्ही शेठशी बोला.” समोरून काहीही आलं तरी हेच वाक्य, त्याच शब्दांत, तीनदा. चौथ्यांदा शेठला फोन लावून स्पीकरवर देणं. आवाज कापला तरी वाक्य तेच राहतं, आणि समोरचा आवाज नाही, वाक्यच ऐकतो. द्यावेच लागले तर पावतीशिवाय नाही. या सगळ्या फेरीत डाव्या रकान्यात सर्वांत मोठा आकडा इथेच पडतो, नव्वदच्या घरात. उजव्या रकान्यात वीस पडायची अपेक्षा ठेवू नका. साठ आला तरी तो खरा उतार आहे.

पोच, शिक्का, सही. मगच फाळका बंद.

रात्री केबिनमध्ये रवंथ सुरू होतं: तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, तो का हसला. त्याला दहा मिनिटं द्या, घड्याळ लावून. पुठ्ठा काढा, उजवा रकाना वाचा, राहिलेलं लिहा, पुठ्ठा बिल्टीच्या पिशवीत. दहा मिनिटांनंतर पुन्हा आलं तर उत्तर एकच: उद्या सकाळी, चहानंतर.

सहावा दिवस: परतीचा रस्ता

परतीचं भाडं मिळालं तर घ्या, पण ठिकाणं दोनपेक्षा जास्त असलेलं पार्सल नको. नसेल तर रिकामी गाडी एका दिवसात कोल्हापूर, बहुतेक थांबे तेच, आता दिशा उलट.

कोल्हापुरात गाडी लावल्यावर शेठला मेसेज नाही, फोन. आधी वाईट बातमी: ओरखडा, फुटका रवा, उशीर, जे असेल ते. मग डिझेल, टोल, पावत्या. कागदावर पाच मुद्दे लिहून समोर ठेवा आणि एकेक खोडत बोला. शेठ मध्ये बोलले तर थांबा, ते संपल्यावर जिथे होता त्या मुद्द्यापासून पुढे.

पुठ्ठ्यावर ज्या थांब्याचा डावा आकडा आता तिसाच्या खाली आला आहे त्यावर काट मारा. ज्याचा सत्तरच्या वर राहिला आहे तो पुढच्या फेरीत दोनदा घ्या. दुसरी फेरी तीन-चार दिवसांच्या आत धरा. पंधरवडा गेला तर वाघबीळच्या चहापासून पुन्हा सुरुवात. क्लीनर मिळत असेल तर जरूर न्या. ताडपत्री, दोऱ्या आणि काच पुसणं त्याचं. काट्याची चिठ्ठी, गेटची वही आणि पोच मात्र ड्रायव्हरनं स्वतः उतरून आणायची.